गाईच्या पिशवीची राखण : आटवण्यापासून पुढच्या गाभणापर्यंत

"डॉक्टर, जार पडला नाही अजून. हात घालून काढून द्या." पुणे जिल्ह्यातल्या दौंड-शिरूर पट्ट्यात पंचवीस वर्षं गोठे फिरताना हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. सुरुवातीची काही वर्षं मी जायचो आणि जार, म्हणजे वासरानंतर पडणारी वार, काढूनही द्यायचो. तीच पद्धत होती. एक गाय मात्र अजून डोक्यातून जात नाही. पहिल्या वेताची संकरित होल्स्टिन होती ती, वीस लिटरची. जार ओढून काढला, आत गोळ्या ठेवल्या, हात धुतले आणि निघालो. तिसऱ्या दिवशी १०५ ताप. त्यातून ती वाचली, पण पुढे वर्षभर उलटत राहिली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येत राहिली, आणि शेवटी बाजारात गेली. तिच्या पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, जंतूंशी लढणारी जी व्यवस्था होती, ती माझ्याच हातानं मोडली होती. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून हा लेख.

व्याल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत जवळपास प्रत्येक गाईच्या पिशवीत जंतू शिरतात. गोठा स्वच्छ असला तरी शिरतात, फक्त कमी. तरीही बहुतेक गाई महिना-सव्वा महिन्यात स्वतःच पिशवी साफ करतात, औषधाशिवाय. म्हणजे जंतू शिरले का, याची फार चिंता करू नका. गाईचे राखणदार जागेवर आहेत का, हे बघा. आपली कामं त्यांना बळ देण्याची आहेत, आणि त्याहून जास्त, त्यांच्या कामात न घुसण्याची.

राखणदार कोण कोण?

बाहेरून आत जाऊ. योनीचे ओठ घट्ट मिटलेले असणं हा पहिला दरवाजा. विताना ते फाटले आणि टाका न घालता तसेच राहिले, किंवा वयानं सैल पडून आत ओढले गेले, तर गाय उठताबसताना हवा आत जाते आणि तिच्याबरोबर शेणाचे कण. शेपटी उचलून हे दिसतं, त्याला डॉक्टर लागत नाही. त्यापुढे योनीमार्ग, आणि मग खरी वेस : गर्भाशयाचं तोंड. त्यात एकापुढे एक तीन-चार कडी असतात. रेतनाची नळी नेताना ती एकेक करून हाताला जाणवतात. गाभण काळात या कड्यांमध्ये घट्ट चिकट बूच बसतं आणि नऊ महिने ते वासराला बाहेरच्या जगापासून बंद ठेवतं.

माजावरची गाय टाकते तो सोट म्हणजे नुसता ओलावा नाही. तो लांब धाग्यांचं जाळं आहे. जंतू त्यात अडकतात आणि सोटाबरोबर बाहेर वाहून जातात. त्या जाळ्यात हत्यारंही असतात. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना नाकातल्या शेंबडात लायसोझाइम सापडलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. काही जंतूंच्या भिंती विरघळवणारं हे द्रव्य गाईच्या सोटातही असतं. लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन लोह पकडून ठेवतं, त्यामुळे लोहावर वाढणारे जंतू उपाशी राहतात. शिवाय प्रतिपिंडं असतात.

मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते डिफेन्सिन या छोट्या प्रथिनांचं. १९९१ साली गाईच्या श्वासनलिकेच्या अस्तरात यातलं एक प्रथिन सापडलं, आणि पुढे त्याच कुळातली प्रथिनं गाईच्या गर्भाशयाच्या अस्तरातही मिळाली. त्यांच्यावर धन भार असतो, जंतूच्या बाहेरच्या पडद्यावर ऋण भार. ती पडद्याला चिकटतात आणि त्याला भोकं पाडतात. अस्तराच्या पेशींना ई. कोलायसारख्या जंतूच्या आवरणाचे तुकडे ओळखता येतात. ते ओळखले की पेशी ही प्रथिनं जास्त बनवतात आणि रक्ताला सांगावा धाडतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, पिशवीत उतरतात आणि जंतू गिळतात. लढून मेलेल्या या पेशींचाच पू होतो. म्हणून व्याल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी गाय चांगली खात असेल, ताप नसेल आणि स्रावात पुवाच्या थोड्या रेषा दिसल्या, तर ती लढाई चालू असल्याची खूण आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बाईच्या योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जंतूंमुळे आम्लता असते, सामू (पीएच) चार-साडेचारच्या आसपास. गाईचं तसं नसतं. तिचा सामू सातच्या जवळपास असतो आणि लॅक्टोबॅसिलस अगदी थोडे. त्यामुळे दही, ताक, लिंबू किंवा व्हिनेगर आत सोडून सफाई करायचा सल्ला कुणी दिला तर तो गाईला लागू पडत नाही.

आटवल्यापासूनचे साठ दिवस

विण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून पांढऱ्या पेशी मंदावतात आणि व्याल्यावर तितकेच दिवस मंद राहतात. ऐन गरजेच्या वेळी. या काळात गाईचं खाणं घटतं, संप्रेरकं बदलतात, चिकासाठी शरीरातलं कॅल्शियम ओढलं जातं. हा उतार पूर्ण थांबवता येत नाही, पण तो किती खोल जाईल हे बरंचसं आपल्या गव्हाणीत ठरतं.

विण्याआधी साधारण साठ दिवस गाय आटवताना, म्हणजे तिचं दूध बंद करताना, तिच्या अंगाचा अंदाज घ्या. एक (हडकुळी) ते पाच (फार लठ्ठ) अशा मोजमापात सव्वातीन ते साडेतीन चांगलं. फार लठ्ठ गाय व्याल्यावर कमी खाते, अंगावरची चरबी भराभर वितळवते, रक्तात कीटोन (चरबी वितळताना होणारी द्रव्यं) वाढतात आणि त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धड लढत नाहीत. पण भाकडकाळात तिला उपाशी ठेवून बारीक करणं त्याहून वाईट. अंगाचा हिशोब दुधाच्या शेवटच्या तीन महिन्यांत करायचा असतो.

आपल्या जिल्ह्यातली खास अडचण म्हणजे उसाचं वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे. दौंड, बारामती, इंदापुरात साखर कारखाने सुरू झाले की गोठ्यात वाढ्यांचा ढीग पडतो. वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. महिनोन्‌महिने फक्त वाढ्यावर ठेवलेल्या गाईची हाडं आतून रिती होत जातात, आणि ते कळतं थेट विताना. वाढं द्यायचंच तर कुट्टी करून, चुन्याचं निवळ पाणी शिंपडून, आणि कडबा किंवा मुरघासाबरोबर निम्म्याहून कमी.

शेवटच्या २१ दिवसांत मात्र उलटी काळजी घ्यावी लागते. या दिवसांत भरपूर कॅल्शियम दिलं तर गाईचं शरीर हाडांतून ते काढायची सवय विसरतं. म्हणून लसूणघास कमी करा (त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही जास्त) आणि दुभत्या गाईचं कॅल्शियमवालं मिश्रण थांबवा. ज्यांच्याकडे दहा-पंधरा जास्त दुधाच्या गाई आहेत, त्यांनी डॉक्टरांशी बोलून अॅनायोनिक क्षारांचा (विताना रक्तातलं कॅल्शियम टिकायला मदत करणाऱ्या) विचार करावा. ते लागू पडले की नाही हे लघवीच्या सामूवरून कळतं. होल्स्टिनसाठी ६.२ ते ६.८ ठीक. औषधाच्या दुकानात सामूच्या पट्ट्या मिळतात.

जीवनसत्त्व ई रोज १००० युनिट आणि त्याच्या जोडीला सेलेनियम. पांढरी पेशी जंतू मारताना जो दाह निर्माण करते, त्यात ती स्वतः जळू नये म्हणून हे दोन्ही लागतात. सेलेनियम जास्त झालं तर विष ठरतं, त्यामुळे ते चांगल्या खनिज मिश्रणातूनच जाऊ द्या. इंजेक्शन स्वतःच्या मनानं टोचू नका.

एप्रिल-मे मध्ये विणारी गाय असेल तर सावली, पंखा आणि पुढ्यात सतत पाणी. उन्हानं दमलेली गाय खात नाही, आणि न खाणारी गाय लढत नाही.

वितानाचे तास

विण्यासाठी वेगळी जागा ठेवा, साधारण बारा बाय बारा फूट, कोरडं पाचट किंवा भुसा टाकलेली. दावणीत शेणमुतात व्यालेल्या गाईच्या उघड्या पिशवीत काय शिरत असेल हे वेगळं सांगायला नको. आधीची गाय उठली की पाचट बदला.

पाणपिशवी फुटून तासाभरात वासराचे पाय किंवा तोंड दिसलं नाही, किंवा दिसतंय पण पुढे सरकत नाही, तर डॉक्टरांना बोलवा. गावातले चार धट्टेकट्टे जण जमवून ओढायला लावू नका. जोरानं ओढलेल्या वासरामुळे गर्भाशयाच्या तोंडाची कडी आणि योनीचं अस्तर चिरडतं. चिरडलेलं अस्तर डिफेन्सिन बनवत नाही, उलट जंतूंना खाद्य पुरवतं. मदत करावीच लागली तर मागचा भाग साध्या साबणानं धुवा, हातमोजा घाला, भरपूर वंगण वापरा, आणि गाय कळ देईल तेव्हाच, तिच्या कळेबरोबर ओढा. कपडे धुण्याची पावडर वंगण म्हणून कधीही नको.

वासरू बाहेर आलं की दोन कामं लगेच. गाईला कोमट पाणी पाजा आणि धार काढा. आपल्याकडे अजून कित्येक घरांत जार पडेपर्यंत चीक काढत नाहीत. हे दोन्ही बाजूंनी नुकसानीचं आहे. वासराला पहिल्या दोन तासांत चीक हवाच. आणि कासेला तोंड किंवा हात लागला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानं पिशवी आकुंचन पावते आणि जार सुटायला मदत होते.

मोठ्या दुधाच्या गाईला या वेळी तोंडावाटे कॅल्शियम जेल द्यायला मी सांगतो. गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं. दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमच्या आसपास निघून जातं. ही भर हाडांतून आणि आतड्यांतून वेळेत पडली नाही तर पिशवीचे स्नायू ढिले पडतात आणि पांढरी पेशी जंतू दिसूनही हालत नाही, कारण तिला चेतवणारा इशाराही कॅल्शियमवरच चालतो. गाय खाली पडली नाही म्हणजे कॅल्शियम पुरेसं आहे असं समजू नका. उभ्या गाईतही ते घटलेलं असतं. पडलेल्या, मान वळवून बसलेल्या गाईला मात्र तोंडातून काहीच घालू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. तिथे शिरेतून सलाईन, आणि तेही डॉक्टरांच्या हातून.

जार

बहुतेक गाईंचा जार सहा-आठ तासांत पडतो. बारा तासांपर्यंत थांबा. चोवीस तास उलटले तर जार अडकला असं समजायचं.

अडकतो का? गाईचा जार पिशवीला एका जागी नाही, तर सत्तर ते सव्वाशे बटणांसारख्या गाठींनी जोडलेला असतो. वितेवेळी गाईच्या पांढऱ्या पेशींनी या गाठींमधला जाराचा भाग 'परका' म्हणून ओळखायचा असतो आणि ती जोडणी विरघळवायची असते. ज्या गाईच्या पेशी आधीच मंदावल्या आहेत तिथे हे होत नाही. म्हणजे जार अडकणं हा त्या गाईचे राखणदार कमजोर असल्याचा निरोप आहे. अशा वेळी हात घालून एकेक बटण सोडवलं, तर गाठीची मऊ अस्तरं फाटतात, आत तुकडे राहतात, आणि त्या जखमांवर कमजोर पेशींना लढावं लागतं. माझ्या त्या गाईचं नेमकं हेच झालं.

मग करायचं काय? लोंबणारा भाग गुडघ्याच्या वर राहील असा कात्रीनं कापा, म्हणजे तो शेणात घासत नाही आणि त्यावरून जंतू वर चढत नाहीत. दगड किंवा कुठलंही वजन बांधू नका. त्यानं पिशवी ओढली जाऊन मायांग बाहेर येऊ शकतं. दिवसातून दोनदा ताप मोजा. खाणं आणि दूध रोज लिहा. ताप नाही, गाय खातेय, तर हात लावू नका. चार ते दहा दिवसांत जार सडून आपोआप पडतो. वास येतो, घाण वाटते, शेजारी नावं ठेवतात. तरी थांबा. ताप १०३ च्या वर गेला किंवा गाय खायची थांबली, तर अंगात प्रतिजैविक द्यावं लागेल. ते कोणतं आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. डॉक्टर सांगतील तोवर दूध डेअरीला घालू नका.

पिशवीत गोळ्या, आयोडीन किंवा तेल सोडायची घाई का नको, हेही समजून घ्या. बरीचशी जंतुनाशक द्रावणं आणि काही प्रतिजैविकं जंतूंबरोबर पांढऱ्या पेशींनाही लुळं करतात. तीव्र आयोडीननं अस्तर जळतं. आणि सडणाऱ्या जाराच्या चिखलात गोळीचं औषध जंतूंपर्यंत नीट पोचतही नाही.

पहिले एकवीस दिवस

व्याल्यावर नऊ-दहा किलोची असलेली पिशवी महिन्याभरात किलोभरावर येते. हा केवढा मोठा उद्योग तिच्या आत चालू असतो! या काळात तांबूस-तपकिरी, दाट, फारसा वास नसलेला स्राव दोन-अडीच आठवडे येणं स्वाभाविक आहे. पहिले दहा दिवस रोज सकाळी थर्मामीटर लावा. १००.५ ते १०२.५ पर्यंत ठीक. पातळ, विटकरी रंगाचा आणि लांबून नाकाला झोंबणारा स्राव, त्याच्या जोडीला १०३ च्या वर ताप, उतरलेलं दूध, खोल गेलेले डोळे, हे एकत्र दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

सुरुवातीला ई. कोलाय येतो आणि अस्तर दुखावतो. त्या दुखावलेल्या अस्तरावर मग ट्रुपेरेला पायोजेनेस आणि हवेशिवाय जगणारे जंतू बस्तान बांधतात. ट्रुपेरेला एक विष सोडतो जे अस्तराच्या पेशींना भोकं पाडतं. महिन्यानंतर दिसणारा पांढरा-पिवळा घट्ट पू बहुतेकदा यांचाच. म्हणजे पहिला आठवडा जिंकला तर पुढचं बरंच सोपं जातं.

माज आला की पिशवी धुतली जाते

माजात इस्ट्रोजेन वाढतं. पिशवीकडे रक्त धावतं, त्याबरोबर पांढऱ्या पेशी येतात, गर्भाशयाचं तोंड उघडतं, सोट वाहतो. माज संपून प्रोजेस्टेरॉन वाढलं की सगळं उलट होतं : तोंड बंद, स्नायू शांत, पेशी सुस्त. गर्भाला परकं मानून हाकलू नये म्हणून निसर्गानं केलेली ही सोय आहे, पण जंतूंनाही तिचा फायदा मिळतो. पिशवी साफ व्हायच्या आधीच पहिला माज येऊन गेला तर पू आत कोंडून राहतो. अशा गाईत पीतपिंड (बीजांडावरची प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) आहे हे तपासून डॉक्टर ते विरघळवणारं प्रोस्टाग्लँडिन देतात आणि गाईला पुन्हा माजावर आणतात. माझ्या मते पिशवीत औषध भरण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळदा चांगला, कारण सफाई गाईची स्वतःचीच यंत्रणा करते.

म्हणून व्याल्यापासून ६० दिवसांच्या आतले माज फुकट गेले असं मानू नका. तारीख लिहा, सोट बघा, रेतन करू नका. काचेसारखा स्वच्छ, तार ओढणारा सोट म्हणजे पिशवी तयार. पांढरे ठिपके असतील तर अजून एक माज थांबा. निम्म्याहून जास्त पू असेल तर उपचार. माजानंतर दोन-तीन दिवसांनी सोटात थोडं रक्त दिसतं, ते मात्र आजाराचं लक्षण नाही.

सोट स्वच्छ दिसतो आणि तरी गाय तीनदा उलटली, तर डॉक्टरांना व्हाइटसाइड चाचणी करायला सांगा. माजाचा थोडा सोट घेऊन त्यात तेवढंच ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड घालतात, उकळतात आणि गार करतात. रंग पिवळा झाला तर पांढऱ्या पेशी जास्त, म्हणजे आत लपलेला दाह. जितका रंग गडद तितका दाह जास्त. हे रसायन कातडी भाजतं, घरी करू नका.

रेतनाच्या दिवशी

सकाळी माज तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी माज तर दुसऱ्या दिवशी सकाळी. योनीचे ओठ पाण्यानं भिजवू नका. कोरड्या कागदानं पुसा आणि फाकवून धरा, म्हणजे नळी बाहेरच्या शेणाला न लागता आत जाते. गोठवलेल्या वीर्याची कांडी ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट. नळी शेवटचं कडं ओलांडून लगेच थांबली पाहिजे. आणखी खोल खुपसली तर अस्तर खरवडलं जातं. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात घरोघरी रेतन पोचलं. प्रत्येक वेळी नवं कव्हर आणि स्वच्छ हात हे रेतन करणाऱ्याकडून हक्कानं मागा.

ब्रुसेला : जिथे हे सारे राखणदार अपुरे पडतात

ब्रुसेला हा गाभ टाकायला लावणारा जंतू पांढऱ्या पेशीच्या पोटातच लपून राहतो, म्हणून गाईला तो मारता येत नाही. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच लस, ती राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून दिली जाते. गाभ टाकलेल्या गाईचा जार किंवा मेलेलं वासरू उघड्या हातानं उचलू नका, हा रोग माणसाला होतो. चुना टाकून खोल पुरा आणि नमुना डॉक्टरांमार्फत औंधच्या रोग निदान प्रयोगशाळेत पाठवा.

गाभण राहिल्यावर

गाभण राहिलेल्या काही गाई मधेच माज दाखवतात. घाईनं पुन्हा रेतन करताना नळी तोंडातून पुढे गेली तर ते बूच फुटतं आणि गर्भ जातो. आधी रेतन झालेली गाय पुन्हा माजावर दिसली आणि सोट पातळ न वाहता घट्ट चिकट असेल, तर नळीच्या आधी तपासणी. रेतनानंतर ६० ते ९० दिवसांनी गर्भतपासणी करून घ्या. गाभण निघाली की नोंदवहीत त्याच ओळीवर रेतनाच्या तारखेपासून २२० वा दिवस लिहून ठेवा, आटवायचा.